जुन्या गाडीचा खालचा पत्रा: आधी खरवडा, मग थोडं धुवा, भरपूर वाळवा

सोलापुरात समुद्र नाही, पाऊसही वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. मग इथल्या फियाटच्या फ्लोअरला भोकं कशी पडतात? उत्तर चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या वळचणीत सापडतं. तिथे बोट घातलं की काळ्या मातीचा गोळा हाताला लागतो. उघड्या पत्र्यावरचं पाणी इथल्या उन्हात तासाभरात उडून जातं. काळी माती मात्र पाणी धरून फुगते, वरून वाळून कडक होते आणि आत पत्र्याला टेकलेला थर चार-पाच दिवस ओलाच ठेवते. गंज लागतो तो या अडकलेल्या ओलीने. म्हणून खालची सफाई म्हणजे धुलाई नव्हे. माती काढायची, पाणी बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या करायच्या आणि पत्रा आतून-बाहेरून कोरडा करायचा. त्यात धुणं हा सगळ्यात छोटा भाग आहे.

इथे डोळ्यांसमोर प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी आहे. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने २०००च्या सुमारापर्यंत चाललेली ही गाडी. तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे खालचा पत्रा सडणं म्हणजे गाडीचा कणाच सडणं. ॲम्बेसेडर, जुनी मारुती ८०० यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कधी करायचं

सोलापुरात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि ऑक्टोबरातही एखादा परतीचा दणका बसतो. तेव्हा मोठी सफाई दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. ऊन असतं, हवा कोरडी असते आणि पत्रा हात भाजण्याइतका तापत नाही. दुसरी, हलकी तपासणी मेच्या शेवटी, पावसाआधी. एप्रिल-मेमध्ये रंगकाम करायचंच झालं तर सकाळी सात ते दहा एवढीच वेळ धरा. दुपारच्या ४२ अंशांत पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर प्रायमर नीट पसरायच्या आत सुकतो आणि नंतर पापुद्र्यासारखा निघतो.

सलग चार दिवस हाताशी ठेवा. त्यातले दोन नुसत्या वाळवणाचे, कुरडया-पापडांना देतो तसे. रविवारी सकाळी धुऊन संध्याकाळी कोटिंग मारणाऱ्याने आतल्या पाण्याला कुलूप लावलं, असं समजा.

गाडी वर घेणं

चुकीला माफी नसलेला भाग हाच, म्हणून सावकाश वाचा.

जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक जुनं सील फुटलं की सुमारे नऊशे किलोची गाडी क्षणात खाली येते. खाली शिरायचं ते स्टँडवर, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी तिवईवर, टेकवलेल्या गाडीखालीच. फियाटला दोन टनांची जोडी पुरते, पण तीन टनांची घ्या. तिचा तळ रुंद असतो, डगमग कमी होते. विटा, सिमेंटचे ब्लॉक, गाडीचेच रिम यांवर गाडी ठेवू नका. वीट भार झेलते असं वाटतं आणि एकदम तडकते.

जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी. अंगणात काळी माती असेल तर स्टँडचे पाय हळूहळू रुततात, तेही एका बाजूने जास्त, आणि गाडी कलते. शहाबादी फरशी सुट्या मातीवर मांडलेली असेल तर तीही मधोमध मोडते. दुसरी जागाच नसेल तर प्रत्येक स्टँडखाली निदान एक फूट चौरस, ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट ठेवा. पण खरा सल्ला हाच की काँक्रीट असलेली जागा शोधा.

एका वेळी एकच टोक उचला. मागचं टोक उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावा. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक कामाचा राहत नाही. महिंद्राच्या जुन्या जीपसारख्या गाड्यांत तर हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, लागतो. तिथे एकच मागचं चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते फिरतं आणि गाडी सरकू शकते.

मागे स्टँड ॲक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीजवळ लावा. पुढे क्रॉस मेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली. दाराखालच्या पोकळ पेटीला, म्हणजे सिलला, आणि कारखान्याने दिलेल्या जॅकच्या जागांना पन्नास वर्षांच्या गाडीत भरवसा देऊ नका. सडण्यात त्यांचाच पहिला नंबर असतो आणि सिल आतून खाल्लेली असेल तर जॅक सरळ पत्रा फोडून वर येतो. स्टँडवर टेकवल्यावर गाडीला खांद्याने दोन-तीन धक्के द्या. काही हललं तर खाली घेऊन पुन्हा मांडणी करा. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे काही घसरलंच तरी अंगावर येण्याआधी चाकावर येईल. एकट्याने काम करू नका. घरातलं माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सायलेन्सर निवायला दोन तास द्या. २ किलोचा पावडरवाला अग्निशामक हाताशी ठेवा. चष्मा बाजूने बंद असलेला हवा, कारण आडवं पडून खरवडताना सगळं डोळ्यांतच येतं. मास्क एन-९५ किंवा त्याहून चांगला. जुन्या रंगांत शिसं आणि जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून ब्रेकच्या ड्रमभोवतीची भुकटी कधीही हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची.

कोरडी सफाई: निम्मं काम इथेच

पाण्याला हात लावण्याआधी जेवढी माती कोरडी निघेल तेवढी काढा. वाळलेली काळी माती विटेसारखी तडकलेली असते, योग्य जागी टोकलं की ढेकळंच्या ढेकळं पडतात. तीच ओली केली की लोण्यासारखी पसरते, सांध्यांत शिरते आणि जी भोकं मोकळी करायची तीच बुजवते. आधी पाणी मारण्यातली चूक ही.

हत्यारं साधी: लाकडी पट्टी किंवा नायलॉनचा खरवडणा, दोन-तीन मापांचे कडक नायलॉन ब्रश, जुना रंगाचा ब्रश, सायकलची तार. स्क्रू-ड्रायव्हर आणि पटाशी फक्त मोठ्या ढेकळांना, पत्र्याला न लावता. चांगला उरलेला जुना रंग हा तुमचा मित्र आहे. लोखंडी हत्याराचा ओरखडा पडला की पुढच्या पावसात तिथून रेघेसारखा गंज चालू होतो.

माती कुठे लपते? मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या पेटीमागे आणि खाली जिथे मडगार्ड दाराच्या खांबाला मिळतं तिथे. ही शेवटची जागा फियाटमध्ये हमखास खाल्लेली सापडते. मग सिलच्या खालची घडी, मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे बॉडीला धरतात ते कोपरे, क्रॉस मेंबरची वरची बाजू (खालून दिसत नाही, आरसा धरून बघा), पेट्रोल टाकीच्या पट्ट्यांमागची फट, डिकीत स्टेपनीची खोलगट जागा. हँगरभोवतीची माती काढायला सर्वात कंटाळवाणी, पण तिथे कमी वेळ देऊन चालत नाही. पाट्याचं टोक धरणारा पत्रा सडून फाटला तर चालत्या गाडीचा मागचा ॲक्सल वाकडा होतो.

ज्वारीच्या सुगीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, मंगळवेढ्याकडे किंवा मोहोळकडे गाडी नेली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. रस्त्यावर खळं मांडून ठेवलेलं असतं. त्यावरून गाडी गेली की कडबा प्रॉपेलर शाफ्टला गुंडाळतो आणि सायलेन्सरवर अडकतो. ऊस-वाहतुकीच्या दिवसांत पाचटाचंही तेच. हा गंजाचा नव्हे, थेट आगीचा प्रश्न आहे. ही सफाई वार्षिक नाही, त्याच दिवशी करायची.

आता पाणी निघायची भोकं. सिलच्या तळाला, दारांच्या खालच्या कडेला, फ्लोअरमध्ये आणि डिकीत अशी भोकं असतात. काहींना रबरी बूच असतं. जागा गाडीगणिक बदलतात, त्यामुळे दोन्ही बाजू ताडून बघा: डावीकडे जिथे भोक आहे तिथे उजवीकडेही असणार, ते दिसत नसेल तर बुजलेलं आहे. कित्येक गाड्यांत ती भोकं मागच्या कुणीतरी मारलेल्या डांबरी कोटिंगखाली गाडली गेलेली असतात. सायकलची तार घालून हळू फिरवा. मातीऐवजी गंजाचे पोपडे पडू लागले तर ती वाईट बातमी समजा. स्क्रू-ड्रायव्हर घालून भोक मोठं करू नका. कडेचा रंग निघाला की भोकाचीच कडा सडायला लागते.

गाडीच्या आतलं कार्पेट, फेल्ट, रबरी मॅट सगळं बाहेर काढा. खालून पत्रा कितीही साफ केला आणि वर ओलं फेल्ट राहिलं तर गंज वरून खाली येतो.

ठोकून बघा

माती निघाल्यावर, धुण्याआधी, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळा फ्लोअर टकटक करत फिरा. धड पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला किंवा पुट्टीने भरलेला बदबद वाजतो. पिवळ्या खडूने खुणा करा, मोबाइलवर फोटो काढा. तीन प्रकार वेगळे करा. एक, वरवरचा तांबूस गंज, जो ब्रशने निघतो. दोन, पापुद्रे सुटणारा, फुगलेला गंज. तीन, टोचणी दाबली की आरपार जाते तो. तिसरा प्रकार हँगरवर, सिलवर, क्रॉस मेंबरवर किंवा स्टँडच्या जागेजवळ सापडला तर सफाई तिथेच थांबवा. तो पत्रा कापून नवा वेल्डिंग करायचा विषय आहे आणि तो पत्र्याचं काम करणाऱ्या टिंकरला दाखवायचा. त्यावर कोटिंग मारणं म्हणजे मोडलेल्या हाडाला मेंदी लावणं.

ब्रेकच्या लोखंडी पाइपांवरून उघड्या बोटाने हात फिरवा. खडबडीत, खड्डे पडलेला पाइप ब्रशने घासून चमकवू नका. त्याची उरलेली जाडी तेवढ्याने संपते. तो बदला.

पाणी किती आणि कसं

धुलाई सेंटरवरचा जेट जुन्या गाडीच्या पोटाखाली का नको? कारण तो पाणी सांध्यांच्या आत ढकलतो. स्पॉट-वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमधली फट, पोकळ सिल, युनिव्हर्सल जॉइंट, ॲक्सलचा ब्रीदर (हवा सुटायचं भोक), बेअरिंगची रबरी सीलं, इथे गेलेलं पाणी पुन्हा बाहेर येत नाही. शिवाय सैल झालेल्या जुन्या कोटिंगची एक कड उचलून जेट तिच्याखालीही पाणी भरतो. घरचा प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर रुंद पंख्याचा नॉझल लावा, पत्र्यापासून निदान दीड फूट लांब धरा आणि सांध्यांवर, रबरावर, भोकांवर थेट मारू नका.

त्याहून चांगली गोष्ट आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरोघरी आहे: पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप. २ ते ४ बारचा दाब माती भिजवायला पुरतो आणि पाणी आत घुसवायला पुरत नाही. मात्र पंप कोरा हवा. डाळिंबावर-द्राक्षावर बोर्डो मारलेला पंप कितीही विसळला तरी घेऊ नका. बोर्डोत मोरचूद असतं, मोरचुदात तांबं. ते तांबं लोखंडावर बसलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि भोवतालचं लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. तणनाशकाचा पंपही नको, त्यातलं औषध श्वासात जाईल.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. बोअरच्या जड पाण्यात क्षार जास्त, ते वाळल्यावर पत्र्यावर पांढरे राहतात आणि हवेतली ओल धरतात. नळाचं पाणी साठवून वापरा. नळाला रोज पाणी येत नाही या शहराच्या जुन्या दुखण्यालाही ही पद्धत मानवते, कारण एकूण ४० ते ५० लिटरमध्ये काम होतं. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका. बाकी गाडी पुसायला लोक ते वापरतात, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. उलट आरओचं प्यायचं पाणी, पाच-सहा लिटर, शेवटच्या फवाऱ्यासाठी ठेवा.

क्रम असा. गिअरबॉक्स, ॲक्सल, इंजिनचा तळ इथलं तेलकट आवरण आधी काढा: ब्रशला थोडं रॉकेल किंवा तयार डीग्रीझर लावून घासा, फडक्याने टिपा. ब्रेकच्या रबरी नळ्या, बुश आणि माउंटिंग यांना रॉकेल-डिझेल लागू देऊ नका. रबर फुगतं आणि मऊ पडतं. तिथे नुसतं साबणाचं पाणी. कॉस्टिक सोडा कुठेच नको. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असेल तर तो ते खातो.

मग १० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर कार-शाम्पू मिसळून पंपाने मारा. पुढून मागे, मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यातून खाली. पाच मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. नायलॉन ब्रशने घासा. नंतर साध्या पाण्याचे दोन फेरे. खाली ठिबकणारं पाणी दुसऱ्या फेऱ्यातही काळं असेल तर तिसरा. शेवटी आरओचं पाणी.

गाडी मूळची मुंबईची किंवा कोकणातली असेल तर हा धुण्याचा फेरा तीन दिवसांत तीनदा करा, मध्ये वाळू द्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून उतरली आणि तिकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या महाराष्ट्रभर पसरल्या. समुद्रकाठी मुरलेलं मीठ गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी बसून राहतं. ते हवेतून पाणी ओढतं, म्हणून सोलापूरच्या कोरड्या हवेतही तो गंज चालूच राहतो. रंग देऊन वर्षभरात त्याच जागी फोड आला तर कारण बहुतेक वेळा हे मीठच असतं.

पुसायला सोलापुरी टॉवेलचे जुने तुकडे उत्तम. पाणी भरपूर शोषतात. कारखान्यातलं सुटं कॉटन-वेस्ट मात्र नको. त्याचे धागे खडबडीत गंजात अडकून राहतात आणि तेच पुढे ओल धरतात.

वाळवण

इथे घाई करणाऱ्यांची गाडी धुण्यानेच सडते. कॉम्प्रेसर असेल तर २-३ बारच्या हवेने सिलच्या भोकांतून, घड्यांतून पाणी बाहेर काढा. नसेल तर घरचा ब्लोअर. गाडीचं पुढचं टोक थोडं उंच ठेवून तासभर, मग मागचं उंच ठेवून तासभर, म्हणजे पोकळीतलं पाणी भोकाकडे सरकतं. नंतर दोन दिवस दारं, डिकी उघडी ठेवून उन्हात. रात्री झाकायचं तर सुती चादरीने, ताडपत्रीने नाही.

वाळलं की नाही, हे बघायची सोपी रीत: वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर घडी करून सिलच्या भोकातून आत सरकवा, दहा मिनिटांनी काढा. टोक मऊ, ओलसर लागलं तर आणखी एक दिवस. खूप झालं म्हणून पुढे जाऊ नका.

उघड्या लोखंडावर धुतल्यावर तासाभरात पिवळसर झाक येते. घाबरायचं कारण नाही, ती पुढच्या घासण्यात जाते. मात्र तिच्यावरच रंग मारू नका.

गंज काढणं

वरवरच्या गंजाला हाताचा वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर. फुगलेल्या गंजाला खरवडणा, मग ड्रिलला लावलेला वायर ब्रश. ग्राइंडरला कप ब्रश लावत असाल तर त्यावर लिहिलेली गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त असल्याची खात्री करा. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि कमी गतीच्या ब्रशच्या तारा गोळीसारख्या सुटतात. गार्ड काढू नका. पेट्रोलच्या टाकीजवळ, पाइपजवळ ग्राइंडर अजिबात नाही. टाकी रिकामी आहे म्हणून चालेल, हा समज सगळ्यात घातक: रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा सहज भडकते.

वायर ब्रशचा एक धोका कुणी सांगत नाही. तो गंजाला घासून काळपट चमक आणतो, डोळ्यांना लोखंड उघडं झाल्यासारखं दिसतं, पण खड्ड्यांत गंज तसाच दाबून बसलेला असतो. म्हणून ब्रशनंतर पॉलिश पेपर लागतोच. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरले तर तेवढ्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर ब्रशने पातळ लावा. उघड्या चकचकीत लोखंडावर तो ओतू नका. ॲसिड न वापरलेलं उरतं, चिकट राहतं आणि वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, मग हलकं घासून, जादा ॲसिड ओल्या फडक्याने पुसून पुन्हा कोरडं करा.

संडास धुवायचं ॲसिड गंज पटकन काढतं, हे खरं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्याचे क्लोराइड सांध्यांत राहतात. म्हणजे आपणच पत्र्यात मीठ भरलं. वाफेने शेजारचे चांगले भागही तांबडे होतात.

सुटे करून काढता येणारे छोटे भाग, ब्रॅकेट, क्लॅम्प, नट-बोल्ट यांच्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूफूल घ्या: एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. रात्रभर बुडवा, सकाळी घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच वाळवून तेल लावा. मळीच्या पाण्यातही गंज सुटतो आणि आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे हा उपाय कुणी ना कुणी सुचवतंच. पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, वास सुटतो आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्याने ती कॅनमध्ये भरून आणायची वस्तू नाही. पाटे, स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट कुठल्याच ॲसिडात बुडवू नका. हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होतं आणि भाराखाली तुटतं. ॲम्बेसेडरच्या पुढच्या टॉर्शन बारला (पिळवटून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला) ग्राइंडर लावणंही टाळा. एक खोल ओरखडा पुरतो, चीर तिथूनच सुरू होते.

चासी नंबर पंच केलेल्या जागेवर हाताच्या मऊ ब्रशपलीकडे काही नको. फिटनेसच्या किंवा पुनर्नोंदणीच्या वेळी आरटीओत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. नंबर घासला गेला तर गाडी साफ आणि कागद मळके, अशी गत होईल.

वरून काय लावायचं

उघड्या पत्र्यावर पहिला थर टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून वापरायच्या, इपॉक्सी प्रायमरचा. एकटा रेड ऑक्साइड पुरत नाही. तो सच्छिद्र असतो, वर रंग नसेल तर पाणी पितो. दोन पातळ हात, मध्ये डब्यावर दिलेला वेळ. ती मुदत उलटून गेली तर हलकं घासूनच दुसरा हात. मग चासी-ब्लॅक किंवा दगड झेलणारं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग, तेही पातळ, म्हणजे पुढच्या वर्षी खाली काय चाललंय ते दिसेल.

डांबरी जाड कोटिंगवर आमचा विश्वास नाही. नव्या पत्र्यावर ते काही वर्षं टिकतं. जुन्या पत्र्यावर उन्हाळ्यात मऊ पडून खडी आत रुतते, पुढे ते कडक होऊन तडे जातात आणि तड्यातून गेलेलं पाणी कोटिंग आणि पत्रा यांच्यामध्ये बसतं. बाहेरून काळं कुळकुळीत, आत भुसा. विकायला काढलेल्या गाडीला खाली ताजं डांबर दिसलं तर ते खरवडून दाखवायला सांगा.

डिझेलचा किंवा जळक्या ऑइलचा फवाराही तसाच. थोडे दिवस गंज रोखतो, हे मान्य. पण रबरं खराब होतात, धूळ चिकटून लगदा होतो, पुढे रंग धरत नाही, आणि ब्रेकच्या लायनरवर गेलं तर गाडी थांबत नाही.

फवाऱ्याआधी भोकांत उदबत्तीच्या काड्या खोचा, ग्रीसच्या निपलांवर ग्रीसचा ठिपका ठेवा. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, रबरी बुश, ब्रीदर, हँडब्रेकची केबल आणि चासी नंबर मास्किंग टेपने व कागदाने झाका. प्रॉपेलर शाफ्टला कोटिंग नको, एका बाजूला जाड थर बसला तर वेगात थरथर येते. काम झाल्यावर काड्या मोजून काढा. एक आत राहिली की ते भोक कायमचं बंद.

पोकळ सिलच्या आत मात्र रंग पोचत नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण), बारीक नळीने, आतून फवारून. वर्षातून एकदा, पावसाआधी. पहिल्या उन्हाळ्यात ते वितळून भोकांतून ठिबकतं. खाली पुठ्ठा टाका, काळजी करू नका. ते सांध्यांत उतरतंय याचीच ती खूण आहे.

गाडी खाली घेण्याआधी आणि नंतर

सगळ्या निपलांना ग्रीसगन लावा आणि जुनं, पाणी मिसळलेलं करडं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि शाफ्टचे जॉइंट विसरू नका. चाकं बसवून गाडी खाली आल्यावर नट पुन्हा आवळा, पन्नास किलोमीटर चालल्यावर आणखी एकदा. पहिली फेरी गल्लीतच, हळू वेगात, ब्रेक हलका दाबून ड्रम कोरडे करत. पॅडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर विजापूर रोडला निघू नका.

पुढे रोजचं एवढंच. शेताच्या ओल्या वाटेने गाडी गेली तर माती वाळायच्या आत, त्याच दिवशी, पाइपच्या साध्या पाण्याने मडगार्डच्या आत धुवा. माती वाळली असेल तर उलट: आधी खरवडायची, मग पाणी. होटगीकडच्या सिमेंट-वाहतुकीच्या रस्त्यांवरून जाणं-येणं असेल तर सिमेंटची भुकटी पाऊस लागण्याआधी कोरड्या ब्रशने झाडा, भिजली की ती पत्र्यावर दगड होते. महिन्यातून एकदा सायकलची तार सगळ्या भोकांतून फिरवा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि गाडी उघड्या मातीवर उभी करू नका. पावसाळ्यात जमिनीतून रात्रभर वाफ वर येते आणि सकाळी फ्लोअरच्या खालच्या अंगाला दव धरलेलं असतं. बसवलेली फरशी किंवा काँक्रीट नसेल तर निदान खडीचा चार बोटं थर टाकून त्यावर गाडी लावा.